तेरा गुंठ्यांचा ठिपका

१९८० च्या दशकाच्या मध्यावर भारतात जंगल किती, या प्रश्नाला सरकारकडे एकाहून अधिक उत्तरे होती. वनखात्याच्या दप्तरात सुमारे साडेसात कोटी हेक्टर जमीन ‘वन’ म्हणून नोंदलेली होती, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास २३ टक्के. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चित्रे तपासली आणि वेगळेच सांगितले. १९७२-७५ या काळात प्रत्यक्ष वनाच्छादन ५.५५ कोटी हेक्टरवर होते आणि १९८०-८२ पर्यंत ते ४.६४ कोटींवर, म्हणजे १४.१ टक्क्यांवर उतरले होते. सात-आठ वर्षांत नव्वद लाख हेक्टर जंगल गेले असा याचा अर्थ होता.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला हा आकडा पटला नाही. तिने लँडसॅटचीच चित्रे वापरली आणि तिची बेरीज बरीच मोठी निघाली. दोन्ही संस्था सरकारी, दोघींसमोर एकाच उपग्रहाची चित्रे. वाद होता तो कशाला जंगल म्हणायचे यावर. विरळ झाडी मोजायची की सोडायची, डोंगराच्या सावलीत दिसेनासा झालेला पट्टा कुठे धरायचा, झाडोऱ्याची किमान दाटी किती मानायची, या प्रश्नांची उत्तरे उपग्रह देत नाही. अखेर दोन्हीकडची माणसे एकत्र बसली, आकडे जुळवले गेले आणि १९८७ च्या पहिल्या वनस्थिती अहवालात सुमारे ६.४ कोटी हेक्टर, म्हणजे १९.५ टक्के, हा आकडा छापला गेला.

अंतराळातून आलेले चित्र कोणी वाचायचे, त्यावर शिक्का कोणाचा आणि दोन खात्यांचे जुळले नाही तर निवाडा कुठे करायचा, हे प्रश्न त्या काळात दिल्लीपुढे उभे होते. त्यांना उत्तर म्हणून जी व्यवस्था आखली गेली, तिचे रोजचे काम ज्या मोजक्या शहरांत सुरू झाले त्यांत नागपूर होते.

या व्यवस्थेचे मूळ १९७२ मध्ये आहे. विक्रम साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन केले. विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवला. सतीश धवन यांच्याकडे तीन पदे एकत्र आली: इस्रोचे अध्यक्ष, अंतराळ आयोगाचे अध्यक्ष आणि अंतराळ विभागाचे सचिव. शास्त्रज्ञानेच योजना आखायची, त्यानेच सचिव म्हणून फाइल पुढे न्यायची आणि त्यानेच ती अमलात आणायची, अशी ही रचना होती. मधल्या कुठल्याही मंत्रालयात कागद अडकण्याची भीती त्यामुळे कमी झाली.

पण तिला एक मर्यादाही होती. अंतराळ विभाग उपग्रह बांधू शकत होता. त्या उपग्रहाला दिसणारी जमीन मात्र त्याची नव्हती. माती कृषी खात्याची, खनिजे खाण खात्याची, झाडे वनखात्याची. शेती, जमीन आणि पाणी हे तर राज्यांचे विषय. आकाशातून घेतलेल्या चित्राचा उपयोग करायचा तर या सगळ्यांची दारे ठोठावणे भाग होते, आणि कोणालाही हुकूम सोडण्याचा अधिकार अंतराळ विभागाला नव्हता.

अनेक खात्यांना एका उपग्रहाभोवती बसवण्याचा पहिला मोठा अनुभव १९७५-७६ मध्ये आला. ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली गेली. उपग्रह परक्यांचा, कार्यक्रम आकाशवाणी-दूरदर्शनचे, खेडी राज्य सरकारांची आणि संच चालू ठेवण्याची जबाबदारी इस्रोची. या खटाटोपाच्या मध्यभागी दोन मराठी माणसे होती. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस कार्यक्रमाची सूत्रे सांभाळत होते, तर मूळचे पुण्याचे प्रमोद काळे तांत्रिक बाजू पाहत होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. एका खात्याचे गाडे रुतले की सगळ्यांचे थांबते, हा धडा मात्र पुढे साऱ्या देशाला उपयोगी पडला. इन्सॅट मालिकेसाठी दूरसंचार, हवामान आणि नभोवाणी या खात्यांच्या सचिवांना अंतराळ विभागासोबत एका समन्वय समितीत बसवले गेले.

नैसर्गिक साधनसंपत्तीच्या बाबतीत हेच सूत्र अधिक विस्ताराने वापरण्यात आले. १९८३ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय परिसंवाद भरला. त्यात शास्त्रज्ञांइतकीच निरनिराळ्या खात्यांची माणसे होती. तिथून ‘राष्ट्रीय नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन प्रणाली’ या लांबलचक नावाची व्यवस्था आकाराला आली. कार्यालयात सगळे तिला एनएनआरएमएस म्हणत. १९८५ मध्ये तिची नियोजन समिती नेमली गेली. अध्यक्षस्थान नियोजन आयोगाच्या सदस्याकडे होते. अंतराळ विभाग हा प्रमुख दुवा असला तरी अध्यक्ष नव्हता, हा यातला मुरब्बीपणा. समितीखाली विषयवार स्थायी समित्या होत्या आणि त्यांचे अध्यक्षपद त्या त्या मंत्रालयाच्या सचिवाकडे दिले होते. मातीची समिती कृषीकडे, खनिजांची खाण खात्याकडे. चित्र कोणत्या मापाचे हवे, कुठल्या महिन्यातले हवे, नकाशा कोणत्या प्रमाणावर काढायचा, हे वापरणाऱ्याने सांगायचे आणि उपग्रहवाल्यांनी ते ऐकायचे, अशी अपेक्षा होती.

आता प्रश्न होता यंत्रांचा. उपग्रहाची चित्रे तेव्हा चुंबकीय फितींवर येत. त्या फिती वाचून आकड्यांचे रंगीत चित्र करणारे संगणक इतके महाग होते की प्रत्येक खात्याने आपापला घेणे परवडणारे नव्हते. म्हणून पाच ठिकाणी सामायिक सेवा केंद्रे काढायचे ठरले: बेंगळुरू, डेहराडून, जोधपूर, खरगपूर आणि नागपूर. वन, माती, खाण, पाणी, कोणत्याही खात्याच्या माणसाने यावे, आपले काम या यंत्रांवर करावे आणि शिकून जावे. डेहराडूनला वनसंस्थांचा शेजार होता, जोधपूरला वाळवंटाचा, खरगपूरला आयआयटीचा.

आणि नागपूरला? नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कारभार इथून चाले. राजधानी गेली तरी देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा राहिला आणि केंद्र सरकारच्या तांत्रिक संस्थांची इथे दाटी झाली. सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे आणि वन सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालयही त्याच परिसरात. पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी १९५८ पासूनची. १९७६ मध्ये स्थापन झालेली कापूस संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो यांची मुख्यालयेही इथेच आहेत. मॉइल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स या खाण कंपन्यांचाही कारभार इथूनच चालतो. शहराबाहेर पडले की एका दिशेला मँगनीज, दुसरीकडे कोळसा, गडचिरोली-चंद्रपूरकडे दाट जंगल आणि पश्चिमेला वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन. ज्यांना उपग्रहाच्या चित्राची गरज होती, त्या खात्यांची माणसे इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसत होती. नवे केंद्र अमरावती रोडला मृद ब्यूरोच्या शेजारी उभे राहिले, यात नवल नव्हते.

मृद ब्यूरोने १९८६ मध्ये सगळ्या देशाच्या मातीचा नकाशा १:२,५०,००० या प्रमाणावर राज्यवार काढण्याचे काम हाती घेतले होते. या प्रमाणावर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. एखाद्या गावाचे अख्खे शिवार बोटाच्या नखाएवढे दिसते. काम दोन टप्प्यांत चाले. आधी उपग्रहाचे कृत्रिम रंगातले चित्र टेबलावर पसरायचे. त्यात हिरवे पीक लालभडक दिसते, खोल पाणी काळे, तर ओल धरलेली काळी माती निळसर-करडी. रंग, पोत आणि चढउतार पाहून पारदर्शक कागदावर सीमारेषा आखायच्या. मग जीप काढायची. दर दहा किलोमीटरला एक अशा चौकटीतून मातीचे नमुने घ्यायचे, निवडक जागी माणूस उभा राहील एवढा खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीवरचे थर मोजायचे आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. माती किती खोल आहे, खाली चुनखडी आहे की मुरूम, निचरा होतो की पाणी साचते, हे उपग्रहाला दिसत नाही. चित्रामुळे एवढे होई की कुठे खणायचे हे आधीच कळे आणि हजारो खड्डे वाचत.

१७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातील बैकानूरहून भारताचा आयआरएस-१ए उपग्रह सुटला आणि परक्या चित्रांवरचे अवलंबन कमी होऊ लागले. त्याआधी भास्कर-१ आणि भास्कर-२ हे प्रायोगिक उपग्रह येऊन गेले होते. आयआरएस-१ए मात्र रोजच्या वापरासाठी होता. दर २२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जाई. त्याच्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांपैकी ढोबळ कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटरचा होता आणि बारीक कॅमेऱ्याचा ३६.२५ मीटरचा. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर पहिला ठिपका ५२ गुंठ्यांचा, म्हणजे सव्वा एकराहून थोडा मोठा. दुसरा बरोबर तेरा गुंठ्यांचा. या तेरा गुंठ्यांत कपाशी, तुरीच्या ओळी, बांधावरची बाभूळ आणि गोठा असे सगळे असले तरी उपग्रह त्या सर्वांचा मिळून एकच रंग पाठवी. जिल्ह्याच्या पातळीवर हे पुरेसे होते. एका सातबाऱ्यासाठी ते काहीच नव्हते.

त्याच १९८८ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन केले, तेही मुंबई-पुण्यात न काढता नागपुरात. ‘एमआरसॅक’ हे त्याचे आजचे सर्वपरिचित नाव. नियोजन विभागाखालची ही स्वायत्त संस्था विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेजच्या, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीच्या, आवारात वसली. केंद्राचे सेवा केंद्र आणि राज्याची संस्था एकाच शहरात आल्याने दिल्लीतल्या समित्यांचा कागद गावापर्यंत जाण्याचा रस्ता आखूड झाला. जमीन आणि पाणी हे राज्याचे विषय असल्याने राज्याच्या संस्थेशिवाय हा रस्ता पुरा होणारच नव्हता.

पहिली कसोटी पाण्याची होती. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने पिण्याच्या पाण्यासाठी तंत्रज्ञान मिशन सुरू केले आणि देशभराचे भूजल नकाशे उपग्रहचित्रांवरून काढण्याचे काम अंतराळ विभागाकडे आले. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टच्या कातळाचा. त्यात पाणी सर्वत्र सारखे नसते. भेगा, सांधे आणि झिजलेल्या थरांत ते साठते. गावोगावचा पाणाड्या काडी किंवा नारळ घेऊन जागा दाखवायचा तो याच अनिश्चिततेमुळे. उपग्रहाच्या चित्रात मैलोन्‌मैल गेलेली भेग एक सरळ रेघ म्हणून उठून दिसते, कारण तिच्यावरची झाडी उन्हाळ्यातही थोडी जास्त तग धरते किंवा ओढा तिथे अचानक सरळ रेषेत वाहू लागतो. नकाशामुळे शोधाची जागा अरुंद होई. विंधन विहीर नेमकी कुठे घ्यायची ते भूवैज्ञानिकाला जागेवरच ठरवावे लागे.

पुढचे पाऊल १९९२ मध्ये पडले. शाश्वत विकासाच्या एकात्मिक मिशनखाली देशातील १७४ जिल्हे निवडण्यात आले. माती, पाणी, उतार, पीक यांचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर, म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा मापाने, एकावर एक ठेवायचे आणि पाणलोटनिहाय आराखडा बनवायचा: इथे पाझर तलाव, तिथे नालाबांध, या पडीकावर चारा, त्या उतारावर झाडे. कागदावर ही फार देखणी गोष्ट होती. पण पाझर तलाव एका खात्याचा, बांधबंदिस्ती दुसऱ्याची आणि झाडे लावायची ती तिसऱ्याच्या जमिनीवर. नकाशात जे पाणलोट एकसंध होते, ते अंमलबजावणीत अंदाजपत्रकाच्या वेगवेगळ्या शीर्षांत विभागले जात होते. सचिवांना एका टेबलावर आणण्याची व्यवस्था दिल्लीत होती. जिल्ह्यात ती कितपत उभी राहील हे बरेचसे त्या त्या जिल्हाधिकाऱ्यावर अवलंबून असे.

निसर्गाचीही एक अडचण होती, आणि ती कोणत्याही समितीच्या हातातली नव्हती. विदर्भाचे मुख्य पीक खरिपाचे. जून-जुलैत कपाशी-सोयाबीनची पेरणी होते तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. स्वच्छ चित्र हाती येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. ढगांतून आरपार पाहणारा रडारचा डोळा हवा होता. स्वदेशी रडार असलेला रिसॅट-१ उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी अवकाशात गेला.

यंत्रे बारीक होत गेली तसा उपग्रह शेतकऱ्याच्या जवळ आला आणि वादही जवळ आले. महाराष्ट्रात दुष्काळ ठरवण्याची जुनी रीत पैसेवारीची. पिकाचा अंदाज ५० पैशांच्या आत आला की गाव टंचाईच्या यादीत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ व्यवस्थापन संहिता बदलली. आता आधी पावसाची तूट, मग उपग्रहावरून मोजलेला पिकाचा हिरवेपणा आणि पाण्याचा अंश, जमिनीतली ओल, जलसाठ्यांची स्थिती असे निर्देशांक पाहायचे. ते ‘ट्रिगर’ लागू झाले की तालुक्यातील दहा टक्के गावांत जाऊन पिकाचे सत्यमापन करायचे. २०१८ च्या खरिपात ही पद्धत महाराष्ट्रात पणाला लागली. माहिती गोळा करून तालुकानिहाय मांडणारी ‘महामदत’ ही संगणक प्रणाली नागपूरच्या एमआरसॅकने तयार केली होती. ऑक्टोबरात सरकारने १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती असल्याचे सांगितले. महिनाअखेर, ३१ तारखेला, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सुमारे तीस तालुक्यांचा फरक कसा पडला, हा लगेच राजकीय प्रश्न झाला. वर्षानुवर्षे पैसेवारीवर भांडणारी माणसे आता निर्देशांकांवर भांडू लागली.

दुसरे उदाहरण जलयुक्त शिवाराचे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात कामाचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र मोबाइलवरून चढवण्याची सोय एमआरसॅकनेच केली. बंधारा खरोखर बांधला का, एवढा प्रश्न असेल तर अशा छायाचित्रातून उत्तर मिळते. बंधाऱ्यात पाणी मुरले का, हा प्रश्न निराळा. महालेखापालांच्या २०२० च्या अहवालात ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्याच्या उद्दिष्टावर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा शेरा आला आणि त्यावरून राज्यात मोठे रणकंदन माजले.

दिल्लीत या काळात सूत्रे हलत होती. १ जानेवारी २०१५ ला नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला, म्हणजे ज्या सदस्याच्या खुर्चीभोवती १९८५ ची समिती बांधली होती ती खुर्चीच राहिली नाही. ७ सप्टेंबर २०१५ रोजी विज्ञान भवनात पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या उपस्थितीत सुमारे साठ मंत्रालये आणि विभागांची बैठक झाली. अंतराळ तंत्रज्ञान आपल्या कामात कुठे वापरणार, हे प्रत्येकाने सांगायचे होते. पूर्वी समित्यांतून वर चढणारी मागणी आता वरून विचारली जाऊ लागली.

त्यानंतरच्या वर्षी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या भारतीय खाण ब्यूरोचा या कामात थेट प्रवेश झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेली खाण देखरेख प्रणाली ब्यूरो आणि गांधीनगरची बायसॅग या संस्थांनी उभारली. खाणपट्ट्याच्या सीमेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात उपग्रहाला जमिनीत नेहमीपेक्षा वेगळा बदल दिसला की इशारा उमटतो आणि तो राज्याच्या खनिकर्म अधिकाऱ्याकडे तपासणीसाठी जातो. तो बदल बेकायदा उत्खननाचा आहे, रस्त्याच्या कामाचा आहे की शेततळ्याचा, हे त्याने जागेवर जाऊन सांगायचे.

अमरावती रोडचे केंद्र मात्र पूर्वीसारखे स्वतंत्र सेवा केंद्र राहिले नाही. हैदराबादची सुदूर संवेदन संस्था २००८ मध्ये इस्रोचे केंद्र झाली आणि पाचही प्रादेशिक केंद्रे लवकरच तिच्यात विलीन झाली. सामायिक संगणकाची गरजही संपत आली. १९८६ मध्ये एका दालनात मावत नसलेले काम टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतराळ धोरणाला मान्यता दिली. इस्रोच्या उपग्रहांची ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रे सर्वांना विनामूल्य, त्याहून बारीक चित्रे सरकारी खात्यांना विनामूल्य आणि खासगी कंपन्यांना वाजवी किमतीत, असे त्यात म्हटले आहे. पाच मीटरचा ठिपका म्हणजे पाव गुंठा. कोणत्याही शेतकरी उत्पादक कंपनीला, कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला किंवा तालुक्याच्या वार्ताहराला आता आपल्या शिवाराचे असे चित्र मागता येते. ते वाचणारी माणसे नेमण्याचा आणि त्यांना शेतापर्यंत पाठवण्याचा खर्च या धोरणात धरलेला नाही. तो ज्या त्या खात्याच्या अंदाजपत्रकातूनच उचलायचा आहे.